पणजोबा कुणाचे? कोल्हापुरात बसून डीएनए चाचणीनं घराण्याचा शोध कसा घ्यावा

आमच्या घरात एक प्रश्न तीन पिढ्या रेंगाळत होता. पणजोबा दत्तक आलेले, एवढं सगळ्यांना ठाऊक. पण आले कुठून? थोरली आत्या सांगायची, भावकीतलंच पोर घेतलं. धाकटे चुलते म्हणायचे, खापरपणजीनं माहेरहून आपल्या भावाचा मुलगा आणला. दोघांनीही ही गोष्ट आजोबांच्याच तोंडून ऐकलेली. शेवटी तीन पुरुषांची डीएनए चाचणी आणि मोडीतला एक कागद, एवढ्यावर तो प्रश्न सुटला. त्या वाटेवर जे शिकलो, ते आपल्या भागातल्या माणसाला उपयोगी पडेल अशा क्रमानं इथं मांडतो.

एक गोष्ट सगळ्यात आधी. ‘माझं मूळ काय?’ असं विचारत किट मागवलं, तर हातात एक रंगीत नकाशा येतो आणि चार दिवसांत विसरला जातो. ‘पणजोबा भावकीतले की खापरपणजीच्या माहेरचे?’ असं विचारलं, तर उत्तर मिळतं. अमेरिकेतला माणूस नुसती लाळ पाठवून शेकडो नातलग शोधतो, कारण त्याचे नातलग त्या कंपन्यांच्या यादीत आधीच बसलेले असतात. कागल, राधानगरी, भुदरगडातले आपले पाहुणे त्या यादीत नाहीत. आपल्याला ज्यांच्याशी ताडून बघायचं, त्यांची चाचणी आपणच करून घ्यावी लागते. म्हणून प्रश्न आधी, माणसं नंतर आणि किट सगळ्यात शेवटी.

आधी म्हाताऱ्या माणसांपाशी बसा

हे काम आजच सुरू करा, कारण याला मुदत आहे. घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस गाठा, मोबाईलवर आवाज टिपून घ्या, आणि ‘वंशावळ सांगा’ म्हणू नका. तसं विचारलं की माणूस चार नावं सांगून गप्प होतो. त्याऐवजी विचारा: कुणाच्या घरी माणूस गेलं की आपल्याकडं सुतक धरतात? भावकीची सीमा यातून जितकी स्वच्छ कळते, तितकी दुसऱ्या कशातून कळत नाही. आडनाव तेच, गाव तेच, पण सुतक नाही, तर कुठंतरी घरं वेगळी आहेत. मग देवक विचारा, कुलदैवत विचारा. लग्नात पहिला मान कुणाचा हे विचारा. बायकांना त्यांच्या माहेराबद्दल वेगळं बसवून विचारा, कारण आईकडची साखळी कागदावर जवळजवळ नसतेच. माझ्या आजीला तिच्या आईच्या आईचं माहेर माहीत होतं. तिला ते आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं.

साल विचारलं तर सांगता येत नाही, प्रसंग विचारला तर येतं. शाहू महाराजांचं राज्यारोहण १८९४ चं, प्लेगची साथ त्यानंतरच्या वर्षांतली, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. ‘संस्थान गेलं तेव्हा मी चौथीत होते’ एवढ्या वाक्यावर जन्मसाल काढता येतं.

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी येतात. बैलावर बसून गावोगाव फिरायचं, घराण्याची वंशावळ वाचून दाखवायची आणि धान्य घ्यायचं, ही त्यांची पिढीजात वृत्ती. तुमच्या गावाचे हेळवी कोण, ते वयस्क माणसांना विचारा, आणि ते आले की त्यांच्या चोपडीतलं तुमच्या घराचं पान त्यांच्या परवानगीनं, योग्य दक्षिणा देऊन लिहून घ्या. ज्यांच्या घरातून कुणी नाशिक-त्र्यंबकला श्राद्धाला गेलं असेल, त्यांनी तिथल्या आपल्या उपाध्यायांकडची नामावळही बघावी.

मग कागद

जमीन असेल तर सातबारापेक्षा फेरफार जास्त बोलतो. वारस नोंदीच्या फेरफारात मयताचं नाव, वारसांची नावं आणि नातं लिहिलेलं असतं. एका फेरफारातून मागच्या फेरफाराचा क्रमांक मिळतो, तसं तसं मागं जात राहायचं. जुने फेरफार आणि कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही, यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज द्या. शहरातल्या पेठेत घर असेल तर नगर भूमापनाचं मालमत्ता पत्रक काढा. शाळेचं जनरल रजिस्टर बघा. त्यात जन्मगाव असतं, आणि कुटुंब कुठून आलं याचा पहिला धागा बऱ्याचदा तिथंच सापडतो.

राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय कोल्हापुरातही आहे आणि करवीर संस्थानची दप्तरं तिथं सांभाळलेली आहेत. जुनं बहुतेक मोडीत. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना चांगली मागणी आहे, त्यामुळं थोडं थांबावं लागेल. वाचकाजवळ स्वतः बसा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्द एकमेकांना जोडून येतात, आणि नाव ओळखायला घरातली नावं माहीत असलेला माणूस शेजारी असला की खूप फरक पडतो.

आणि घरातली ट्रंक. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेनं किती घरांतले कागद नेले, ते आपण बघितलंय. जे शिल्लक आहे त्याचे फोटो काढा, दोन ठिकाणी ठेवा, आणि कागदाच्या मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही फोटो काढा.

कोणती चाचणी काय बघते

आता डीएनए. चाचण्या तीन प्रकारच्या आहेत.

वाय-डीएनए बापाकडून मुलाकडं जातो, फक्त मुलाकडं. म्हणून ही चाचणी पुरुषाचीच होते आणि बाप, आजा, पणजा अशी एकच सरळ रेघ दाखवते. भावकीचा प्रश्न असेल तर हीच चाचणी. मुलीला आपल्या वडिलांकडचं बघायचं असेल तर वडील, भाऊ किंवा चुलता यांपैकी कुणाची तरी करावी लागेल.

मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढं फक्त मुलीच देतात. यात बदल फार हळू होतात. दोन माणसांचा तंतोतंत जुळला तरी त्यांची सामाईक आई वीस-पंचवीस पिढ्या मागंही असू शकते. दोन बायका एकाच आईच्या वंशातल्या नाहीत, हे सिद्ध करायला ही चाचणी चांगली. आहेत, हे सिद्ध करायला अपुरी.

ऑटोसोमल चाचणी गुणसूत्रांच्या उरलेल्या बावीस जोड्या बघते, म्हणजे आई-बाप दोघांकडचं सगळं. माणसाच्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरं आहेत. त्यातली सहा-सात लाख ठिकाणं वाचून ती दोन माणसांत सारखे तुकडे शोधते. जवळच्या चार-पाच पिढ्यांसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. त्यापलीकडं धूसर होत जाते, कारण दर पिढीला निम्मा वाटा गळतो. दहा पिढ्या मागं गेलं की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा एकही तुकडा आज तुमच्यात उरलेला नसतो.

ऑटोसोमल सगळ्यात स्वस्त पडते, सविस्तर वाय चाचणी सगळ्यात महाग. मोठ्या कंपन्यांपैकी फॅमिलीट्रीडीएनए ही वाय आणि मायटोकॉन्ड्रियल या दोन्ही चाचण्या करून त्यांचे मॅच, म्हणजे जुळणारी माणसंही दाखवते. घरातल्या प्रश्नाला सुरुवातीला ३७ मार्करची, म्हणजे वायवरची ठरावीक ३७ ठिकाणं ताडून बघणारी चाचणी पुरते. पैसे भरण्याआधी कंपनी भारतात किट पाठवते का आणि परतीचा नमुना कसा घेते, हे त्यांना लिहून विचारा. आमचं पाकीट पहिल्या कुरियरवाल्यानं ‘जैविक नमुना’ वाचून परत दिलं होतं. दुसरीकडं कंपनीचं पत्र दाखवल्यावर घेतलं.

कुणाची चाचणी करायची

इथं सगळ्यात जास्त विचार करा, कारण चुकीच्या माणसावर केलेला खर्च पूर्ण वाया जातो.

सगळ्यात वरच्या पिढीतलं जे माणूस हयात आहे, ते पहिलं. तुमच्यात पणजोबांचा सरासरी आठवा हिस्सा आहे, तुमच्या वडिलांत चौथा. वडील किंवा आत्या असताना स्वतःचा नमुना पाठवण्यात अर्थ नाही. शक्य असेल तर भावंडं दोघंही घ्या, कारण आत्यात जे तुकडे उतरलेत ते वडिलांत नसतील.

मग कागदावर दोन्ही शक्यतांचं झाड काढा आणि प्रत्येक शक्यता खरी ठरली तर कुणाशी काय जुळायला हवं, ते किट मागवायच्या आधी लिहा. आमचं असं होतं: पणजोबा भावकीतले असतील, तर वडिलांचा वाय भावकीतल्या थोरल्या चुलत्यांशी जुळेल. खापरपणजीच्या भावाचे असतील, तर तो भावकीशी जुळणार नाही, पण खापरपणजीच्या माहेरच्या घरातल्या पुरुषाशी जुळेल. म्हणून तीन माणसं: वडील, भावकीतले चुलते, आणि माहेरच्या घरातले एक काका. तिसऱ्या माणसाशिवाय आम्हाला नुसतं ‘नाही’ एवढंच उत्तर मिळालं असतं.

झाड मांडताना मराठीतली नातीच लिहा. इंग्रजीत एकाच शब्दात बसवलेली चुलत, आते, मामे आणि मावस भावंडं आपल्याकडं चार वेगळ्या वाटा आहेत. वाय कुणाकडून आला, मायटोकॉन्ड्रियल कुणाकडून, हे नात्याच्या नावातूनच कळतं.

आडनावावर मात्र विसंबू नका. पाटील, कुलकर्णी, देसाई, इनामदार ही वतनाची नावं आहेत, आणि ‘कर’ लावलेलं आडनाव गावाचं. एकाच गावातून बाहेर पडलेल्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या चार घरांचं आडनाव एकच असू शकतं.

विचारून, समजावून, मगच

ज्याची चाचणी करायची, त्याच्यापुढं बसून दोन गोष्टी सांगा. एक, यातून न मागितलेलं उत्तर निघू शकतं. बाप दुसरा, भाऊ सावत्र, घरात कुणाला माहीत नसलेलं मूल, यांपैकी काहीही. दोन, तुमचा डीएनए म्हणजे तुमच्या भावाबहिणींचा आणि लेकरांचाही डीएनए आहे, तेव्हा त्यांच्याशी बोला. मग विचारा, असं काही निघालं तर तुम्हाला कळवू की नको? ‘नको’ म्हणाले तर ते लिहून ठेवा आणि पाळा. भावकीतल्या चुलत्यांनी आम्हाला आठ दिवस थांबवलं आणि मुलांशी बोलून होकार दिला. ते आठ दिवस योग्यच होते. जो नाही म्हणतो त्याला पुन्हा विचारू नये, आणि चहाच्या कपावरून किंवा कंगव्यातून कुणाचा नमुना चोरून तर कधीच घेऊ नये.

नमुना

खाणं, पिणं, तंबाखू, पान यानंतर किमान अर्धा तास जाऊ द्या. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांची मिश्री असते, तेव्हा सकाळी उठल्याबरोबर, मिश्री लावायच्या आधी नमुना घेतलेला बरा. काही किटमध्ये नळीत थुंकायचं असतं. तोंड कोरडं पडणाऱ्या, कवळी असलेल्या माणसाला ते जमत नाही, त्यांच्यासाठी गालाच्या आतून बोळा फिरवायचं किट मागवा. आधी पाण्यानं चूळ भरू द्या, नंतर अर्धा तास थांबा. एकाच दिवशी दोघांचे नमुने घेत असाल तर पहिल्याची नळी बंद करून नाव लिहून झाल्याशिवाय दुसऱ्याचं पाकीट फोडू नका. आणि ज्यांचं बोन मॅरो प्रत्यारोपण झालंय, त्यांच्या लाळेत दात्याचा डीएनए मिसळलेला असतो. त्यांच्याऐवजी भावंड निवडा.

निकाल वाचताना

नकाशावरच्या टक्केवारीत गुंतू नका. कंपनीजवळच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेला तो अंदाज असतो. नमुने वाढले की आकडे बदलतात, आणि आपल्या भागाचे नमुने मुळात थोडे. हॅप्लोग्रुपचं, म्हणजे वाय किंवा मायटोकॉन्ड्रियलवरून ठरणाऱ्या वंशाच्या मोठ्या फांदीचंही तसंच. आर-१ए, एच, एल ही नावं हजारो वर्षांपूर्वीच्या फांद्यांची आहेत आणि त्या सगळ्या जातींत, आदिवासींतही सापडतात. हॅप्लोग्रुपवरून जात काढणारा माणूस भेटला तर त्याच्याशी बोलणं तिथंच थांबवा.

खरं काम मॅचच्या यादीत. दोन माणसांत किती डीएनए सारखा, हे सेंटीमॉर्गन या मापात देतात. आई-बाप आणि मूल यांत साधारण ३,४०० ते ३,५००. सख्ख्या भावंडांत २,६०० च्या आसपास. आजी-आजोबा, मामा, मावशी, आत्या, काका, सावत्र भाऊबहीण या सगळ्यांत १,७५० च्या जवळपास, म्हणजे नुसत्या आकड्यावरून यांतलं नेमकं कोण ते कळत नाही. चुलत-मामे भावंडांत सरासरी ८७० च्या घरात, पण ४०० पासून १,४०० पर्यंत काहीही असू शकतं. पणजोबा सामाईक असलेल्या भावंडांत सरासरी २३०. खापरपणजोबा सामाईक असतील तर ७० च्या आसपास, आणि तेवढ्या लांबच्या दहांतल्या एखाद्या जोडीत काहीच जुळत नाही. नातं आहे, पण तुकडा उरला नाही. म्हणून दूरच्या नात्यात ‘जुळलं नाही’ म्हणजे ‘नातं नाही’ असं म्हणू नका. वडिलांच्या चुलत भावाशी मात्र जुळायलाच हवं.

आता आपली खास अडचण. हे सगळे आकडे अशा समाजांतून आलेत, जिथं नवरा-बायको सहसा नात्यातले नसतात. कोल्हापूर भागात मामाची मुलगी करायची रीत जुनी, आणि जातीबाहेर लग्न शतकानुशतकं नाही. त्यामुळं एकाच माणसाशी दोन-तीन वाटांनी नातं लागतं आणि आकडा फुगतो. पणजोबा सामाईक असलेला माणूस चुलत भावाएवढा जवळचा दिसू शकतो. बंद वर्तुळातल्या लग्नांचा परिणाम किती खोल असतो, ते २०१७ साली नेचर जेनेटिक्समध्ये आलेल्या अभ्यासानं दाखवलं. दक्षिण आशियातले अडीचशेहून अधिक समूह त्यात तपासले, आणि त्यातल्या ८१ समूहांत तो फिनलंडच्या किंवा अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षाही तीव्र निघाला.

यावर उपाय असा. बेरजेआधी सगळ्यात लांब तुकडा बघा. जवळच्या नात्यात थोडे पण लांब तुकडे येतात, जुन्या अनेक वाटांच्या नात्यात पुष्कळ बारीक तुकडे येतात. एकूण १०० सेंटीमॉर्गन पण सगळ्यात लांब तुकडा बाराचा, तर तो माणूस बहुधा ‘आपल्यातला’ आहे, जवळचा नव्हे. मी पंधराच्या खालचे तुकडे हिशेबातच धरत नाही. आणि झाडात आते-मामे लग्न कुठं झालंय त्या जोडीवर लाल खूण करा. त्या फांदीखालचा प्रत्येक आकडा जास्त आलाय असं समजून वाचा. कंपनीकडून कच्च्या माहितीची फाईल उतरवून जेडमॅचसारख्या, निकाल ताडून बघायच्या संकेतस्थळावर चढवली, तर तिथं आई-वडील एकमेकांच्या नात्यातले होते का, हे बघायचीही सोय आहे.

आमचं काय निघालं

अकरा आठवड्यांनी निकाल आला. वडिलांचा आणि भावकीतल्या चुलत्यांचा हॅप्लोग्रुपच वेगळा. खापरपणजीच्या माहेरच्या काकांशी वडिलांचे ३७ पैकी ३६ मार्कर जुळले. पण जातीतल्या जातीत असा वाय दहा पिढ्या मागूनही जुळू शकतो, म्हणून दोघांची ऑटोसोमल केली. २६२ सेंटीमॉर्गन, सगळ्यात लांब तुकडा ४८ चा. पणजोबा सामाईक असलेल्या दोघांत यायला हवं, तसंच. त्यानंतर आम्ही दत्तकपत्र शोधायला लागलो, कारण आता कोणत्या गावचं नाव शोधायचं ते माहीत होतं. ते माहेरच्याच घरात, जमिनीच्या कागदांत गुंडाळलेलं मिळालं. धाकट्या चुलत्यांचं म्हणणं खरं ठरलं.

मग वडिलांनी विचारलं, म्हणजे आपण आता भावकीतले नाही का? मला याचं उत्तर कोल्हापूरच्या इतिहासानंच दिलं. २६ जून १८७४ ला जन्मलेले, कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १७ मार्च १८८४ ला दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. घराणं कोणतं हे वाय गुणसूत्रावरून ठरत नाही, कायद्यातही ठरत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्यानुसार दत्तक मूल हे दत्तक घेणाऱ्या घराचंच मूल. निकाल आल्यावर दोन महिन्यांनी भावकीत एक मरण झालं, आणि आम्ही नेहमीसारखं सुतक पाळलं.

हा निकाल कुठं चालत नाही

जात पडताळणीत चालत नाही. ती कागदोपत्री नोंदी, वंशावळ आणि रक्तनात्यातल्या माणसांच्या वैधता प्रमाणपत्रांवर चालते. या शोधात सापडलेले फेरफार, कोतवाल बुकातली पानं आणि शाळेचे उतारे मात्र तिथं कामाचे आहेत, म्हणून प्रत्येकाची साक्षांकित नक्कल घ्या. वारसाहक्काच्या दाव्यातही घरी थुंकून पाठवलेल्या नमुन्याला किंमत नाही, कारण तो नमुना कुणाचा याला साक्षीदार नसतो. आणि आरोग्याबद्दल काही लिहून आलं असेल तर घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा आणि दवाखान्यात पुन्हा तपासणी करून घ्या.

माहिती सांभाळणं

२०२३ मध्ये ट्वेंटीथ्रीअँडमी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढं तिच्याच सहसंस्थापिकेच्या ना-नफा संस्थेनं ती विकत घेतली. ग्राहकांची माहितीही त्या व्यवहारात मालक बदलून गेली. म्हणून खातं उघडताना वेगळा ईमेल, लांब पासवर्ड, दोन टप्प्यांची खातरजमा. नावाच्या जागी आद्याक्षरं. संशोधनासाठी माहिती वापरू द्यायची का आणि पोलीस तपासाला ताडून बघू द्यायची का, हे वेगवेगळे प्रश्न असतात. आधीच होकाराची खूण केलेल्या चौकटी उघडून बघा. जेडमॅचवरूनच २०१८ साली कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी त्याच्या दूरच्या नातलगांमार्फत सापडला होता, तेव्हा ही चौकट नावापुरती नाही.

कच्ची फाईल, मॅचची यादी, काढलेलं झाड आणि आवाजाची टिपणं एका पेनड्राईव्हवर ठेवा, एक प्रत दुसऱ्या गावातल्या पाहुण्यांकडं द्या, आणि झाडातल्या प्रत्येक नावापुढं ते कशावरून लिहिलं ते टिपा: आत्यांनी सांगितलं, अमुक फेरफार, वाय चाचणी. काम झाल्यावर कंपनीकडचा नमुना नष्ट करायला सांगता येतो, तशी विनंती पाठवा आणि पोच जपून ठेवा. आमच्या तिघांपैकी भावकीतल्या चुलत्यांनी तसं करायला सांगितलं. बाकी दोघांची खाती अजून चालू आहेत, आणि पुढच्या वेळी हेळवी आले की त्यांच्या चोपडीत पणजोबांच्या नावापुढं काय लिहिलंय, ते बघायचं आहे.